मिठाची काडतुसं

आबा,

तुमची बंदूक पोलीस ठाण्यात आहे. निवडणूक लागली की सगळ्यांच्याच बंदुका जमा करून घेतात, तशी माझीही घेतली. निवडणूक झाली, गुलाल उधळून झाला, लोक आपापल्या बंदुका घेऊन गेले. मला दोनदा फोन आला. हवालदार म्हणाला, "मॅडम, घिऊन जावा की तुमची. हितं गंज चढंल तिला." येते म्हणाले आणि गेले नाही. जाणारही नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा त्याची गरजच नव्हती, तुम्ही बांधावरून घातलेली हाक पार कालव्यापर्यंत ऐकू जायची. आता लिहायला बसले कारण माझ्या हातून मावशीचा डोळा गेला. हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्यातली एक गोष्ट कुणालाच माहीत नाही, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

मावशी म्हणजे आपल्याकडे खुरपायला यायची तीच. आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती तेव्हा जिनं माझ्या वेण्या घातल्या, आणि मी शाळेत उशिरा पोचू नये म्हणून स्वतःची न्याहारी टोपलीत टाकून कळंबच्या रस्त्यापर्यंत मला पळवत नेलं, ती. वेण्या इतक्या घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या. मी रडले की म्हणायची, "रड, पर मान हलवू नगं." तुम्ही तिला कधी कामाला ठेवलं आणि ती कधी घरातली झाली हे मला सांगता येणार नाही. मात्र घरातली म्हणायचं आपण. ती कायम उंबऱ्याच्या बाहेरच बसायची, चहा तिच्या ठरलेल्या कपातच प्यायची आणि तो स्वतः धुऊन कोनाड्यात पालथा घालायची. तो कप आतल्या मांडणीत का ठेवत नाही, असं आपण कुणीच कधी विचारलं नाही.

खंडेनवमीचा दिवस मला नीट आठवतो. तुम्ही कोयते, खुरपी, पाने-पक्कड, बंदूक सगळं पुसून ओसरीवर मांडता. पण त्याआधी सकाळी एक काम असतं. पेटीतली काडतुसं बाहेर काढायची, ती फोडून आतलं जुनं मीठ रस्त्याकडेला दगडावर टाकायचं, आणि आईनं तव्यावर कोरडं भाजलेलं नवं जाडं मीठ भरायचं. छर्रे आपल्या घरात नव्हतेच. पीक राखायचा परवाना, आणि राखण मिठावर. रानडुक्कर असो नाहीतर माकडं, ढुंगणावर मीठ बसलं की आठ दिवस बांधाकडे फिरकत नाहीत, मरत मात्र नाहीत. आई तव्यापुढे बसून बडबडते आहे, "माझ्या स्वैपाकघरात दारूगोळा नगं म्हणून कितींदा सांगितलं." तुम्ही म्हणता, "तुझ्या आमटीत घालत न्हाय मी. भाज गप." त्यावर ती म्हणते, "आज आमटी अळणी झाली तर बंदुकीतनं काढून घ्यावा मीठ." तुम्ही हसता. तुम्ही फार कमी हसायचात, म्हणून मला ते हसू तारखेसकट ठाऊक आहे.

दरवर्षी मीठ का बदलायचं, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. मला वाटायचं तोही पूजेचाच भाग. जुनं टाकायचं, नवं घ्यायचं, झेंडूची माळ घालायची. तुमचं शिकवणं तसलंच होतं. बैलाला कुठं धरायचं, बंदुकीचा दस्ता खांद्याला कसा लावायचा, हे हातात हात घेऊन दाखवायचात, पण कारण विचारलं की म्हणायचात, "करशील तशी कळंल." नाही कळलं, आबा. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

एकदा मात्र तुम्ही कारणासकट बोलला होता. मी वीस वर्षांची होते. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापणारा एक जण मला सापडला आणि मी त्याच्या मांडीवर मीठ झाडलं. गाव हसून हसून लोळलं. पोरीनं चोराला खारवला म्हणून चार दिवस माझी चर्चा, आणि मी तर हवेतच. तुम्ही हसला नाहीत. हळद-तेलाची वाटी माझ्या हातात दिली आणि मला त्याच्या घरी घेऊन गेलात. तो पालथा पडला होता, त्याची बायको माशा वारत होती. तुम्ही त्या बाईला हात जोडलेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना मी म्हणाले, "चोर हाय त्यो, आबा."

"हाय की. मी कुठं न्हाय म्हणतो? छर्रा असता तर झाडली असतीस?"

"न्हाय."

"मंग मीठ हाय म्हणून झाडलीस. माणसावर हात उचलायचं इतकं सोपं करून ठिवू नगंस. डुकराला मीठ, माकडाला मीठ. माणूस दिसला तर आभाळाकडं झाड. आवाजानंच पळतंय माणूस."

मी आठ दिवस गाल फुगवून होते. मनात म्हणत होते, म्हातारं भित्रं आहे. तुम्ही तेव्हा जेमतेम पन्नाशीचे होता, म्हणजे आजच्या माझ्यापेक्षाही लहान.

पुढचं तुम्हाला थोडं माहीत आहे. मी लोणी देवकरच्या कारखान्यात पॅकिंगला अकरा वर्षं उभी राहिले, तुम्ही आजारी पडलात तेव्हा सगळं सोडून आले. तुमच्यामागे बंदूक माझ्या नावावर करून घ्यायला गेले तर तिथला कारकून म्हणाला, "बाईमाणूस, तुमाला कशाला?" मी म्हटलं, "डुकरं बाईमाणूस बघून यायची थांबत न्हाईत." परवाना झाला. आई होती तोवर खंडेनवमीला ती मीठ भाजून पुढ्यात आणून ठेवायची, म्हणून मी भरायचे. तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर मी बंदुकीला हळद-कुंकू लावलं, माळ घातली, पाया पडले, आणि पेटी उघडलीच नाही. आत भरलेली काडतुसं आहेत, मग पुन्हा कशाला तो खटाटोप. पूजा ठेवली आणि काम तेवढं सोडून दिलं. आपल्या लोकांना हे चांगलं जमतं.

मिठाला पाणी सुटतं आणि ते पुन्हा आळतं. तीन पावसाळ्यांत त्याचा एकजीव खडा होतो. डोळा गेल्यावर मी उरलेली काडतुसं फोडून पाहिली. आतलं मीठ खडीसाखरेसारखं झालं होतं, खलबत्त्यात घालून कुटावं लागलं. म्हणून तुम्ही दरवर्षी ते बदलायचात. एवढंच कारण होतं, आणि ते एका वाक्यात सांगता आलं असतं. रागावू नका, पण मी तुमच्यावर चिडते, तुम्ही नाही आहात तरी चिडते, आणि मग लाज वाटते, कारण काडतूस भरणारीही मीच होते आणि झाडणारीही मीच.

मुरमाच्या तुकड्यात आता डाळिंब आहे. बाग उतरायला महिनाभर राहिला होता आणि आठ दिवस रोज माल कमी होत होता. एक-दोन फळं नव्हे, झाडंच्या झाडं ओरबाडलेली. मी धड जेवत नव्हते, ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होते. त्या दिवशी टळटळीत दुपार होती. मी बंदूक घेऊन बांधावर आले तर झाडांच्या ओळीत कुणीतरी वाकलेलं दिसलं, माझ्याकडे पाठ, बाजूला पोतं. मी हाक मारली नाही. पायाजवळच्या जमिनीवर नेम धरला आणि झाडली. मीठच तर आहे, असं मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. खडा मुरमावर आदळला आणि त्याच्या न् दगडाच्या कपच्या उडाल्या. ती खाली वाकलेली, तोंड जमिनीजवळ, आणि आवाजासरशी तिनं मागे वळून पाहिलं.

मी पळत गेले. पोत्यात गवत होतं, आणि गवताखाली तडकलेली पाच डाळिंबं, व्यापारी ज्याला हात लावत नाही असली. पडलेलं फळ तिचं, हे तुम्हीच तिला सांगून ठेवलं होतं. तिनं डोळ्यावर हात धरला होता, बोटांतून रक्त येत होतं, आणि ती मलाच म्हणत होती, "काय न्हाय ताई, काय न्हाय, घाबरू नगा."

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की डोळा राहणार नाही. जबाब घ्यायला पोलीस आले. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते, खरं सांगायचं ठरवून उभी होते, देवाशपथ. पण त्यांनी आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "डुक्कर उठलं व्हतं, सायब. ताईनं त्याच्यावर झाडली. मी मधी आले."

"भर दुपारी डुक्कर?"

"त्याच्याकडं काय घड्याळ हाय व्हय, सायब?"

लिहिणाऱ्याला हसू आलं. त्यानं लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "असंच ना?" मी मान हलवली. आबा, एवढं सोपं होतं ते. गावानंही डुक्कर मान्य केलं. दुपारी उसातून डुक्कर बाहेर येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण पारावर लोक मला म्हणतात, डुकरांनी लई वात आणलाय बघा. मी म्हणते, हो ना.

ती घरी आल्यावर मी तिला विचारलं होतं, खोटं का सांगितलंस. ती शेंगा फोडत होती, आता तिला बसून करायचं तेवढंच काम मी देते. म्हणाली, "खरं सांगून डोळा माघारी येतुय व्हय? आन उद्या कुणाच्या रानात जाऊ मी?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काही मिळालं असतं. आता तिला बाजूचं दिसत नाही, कोंबडीसारखी सगळी मान वळवून बघते. मागच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्यालाही अंधारी येते म्हणाली. मी घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वय आहे, मधुमेह आहे, किती दिवस राहील सांगता येत नाही. वाटेत ती एसटीच्या खिडकीशी बसली होती आणि लागलेला ऊस, पाट, कारखान्याचं धुराडं बघत होती. काय बघतेस, विचारलं तर म्हणाली, "आसंच. बघून ठिवते."

यातून काही चांगलं निघेल असं मला वाटत नाही. मी तिला सांभाळते असं लोक म्हणतात. ती माझ्याकडे येते, कारण तिला दुसरीकडे कुणी काम देणार नाही, आणि ते माझ्यामुळेच. याला सांभाळणं म्हणायचं असेल तर म्हणा.

आता ती गोष्ट. वर मी लिहिलं की कुणीतरी वाकलेलं दिसलं. कुणीतरी नव्हतं, आबा. उन्हातान्हात काम करताना बायका लुगड्यावर पुरुषी शर्ट घालतात, तसा तिच्या अंगात शर्ट होता, निळ्या रेघांचा. तुमचा. तेराव्यानंतर आईनं तो तिला दिला होता आणि चौदा वर्षं ती तो रानात घालत होती. मी बांधावरूनच ओळखला. आधी शर्ट ओळखला, मग तिला. बंदूक आभाळाकडे करायला पुरेसा वेळ होता. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली की ही, आमचं मीठ खाल्लेली, तुमचा शर्ट अंगात घालून माझी बाग लुटते आहे. तिची जिरवावी असं वाटलं. जीव घ्यावा असं नव्हतं वाटलं, फक्त जिरवावी.

हा कागद मी घरात ठेवणार नाही. मावशीला वाचता येत नाही, पण तिची सून शिकलेली आहे आणि ओसरी झाडायला तीच येते. दोन शेतं ओलांडली की मावशीचं दार आहे. तिथं जाऊन सांगायचं ते मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्याकडे मान वळवून बघणार नाही. ती अजूनही शेंगा फोडता फोडता आपण होऊन म्हणते, "मी पाठमोरी व्हते, ताई. तुमी वळखलं न्हाय म्हणून झालं. वळखलं असतं तर तुमी झाडली नसती."

आणि मी व्हय म्हणते.