उलायू आजीचा होकार

ताई,

मी धडधाकट आहे. ओटावात उकाडा फार, पण त्याचीही सवय झाली. तुझा खोकला कसा आहे? खरं लिही.

इथल्या इस्पितळात नर्सिंगच्या मुलींना उत्तरेच्या बर्फातून येणाऱ्या आपल्या माणसांची शुश्रूषा कशी करावी, ते मी शिकवतो. शाळेची पायरी न चढलेला मी! सतरा नियमांचा तक्ता स्वतः केलाय, एक चूक सापडायची नाही. पहिलाच नियम: भुवया वर म्हणजे हो, नाक आक्रसलं म्हणजे नाही.

तरी परवा घोळ झालाच. इथे उपचारांसाठी आणलेल्या आपल्या गावच्या उलायू आजीला ब्रिजेट नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, "घरी जायचंय?" आणि लिहिलं, 'तीनदा विचारलं, उत्तर नाही.' तेवढ्यावरून आजीला भान नाही असं ठरलं, आणि तिला इथल्याच वृद्धाश्रमात धाडायला निघाले.

मी भडकलो. "अगं, तक्ता वाचला नाहीस?"

"पाठ आहे, सर. पण मी खाली बघून लिहीत होते."

मग पेन खिशात टाकून ती आजीसमोर बसली आणि पुन्हा विचारलं. आजीने भुवया उंचावल्या, नि मला म्हणाली, "हिला सांग, याहून वर नेल्या तर केसांत जातील!"

ब्रिजेटने लगेच डॉक्टरांकडून कागद दुरुस्त करून आणला. गुरुवारच्या विमानाने आजी घरी येतेय. डावा पाय अजून उचलत नाही. गाडी थेट विमानापाशी न्या.

एक सांगतो. तीन आठवडे मी रोज तिच्याजवळ होतो, पण 'घरी जायचंय का' हे मीही विचारलं नव्हतं. आजी ते गावभर करेलच. तू आधी माझ्याकडून ऐकलेलं बरं.

तुझा धाकटा,
साकियासी