पाथरीच असावी

आई, तुला विचारायचं आहे ते एवढंच, की पाथरी ओळखायची कशी? तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझी इतकी गरज पडावी ती एका तणापायी. पण लेक बाळंतपणाला आली आहे, बाळाला दूध पुरत नाही आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाबरू नका, येईल हळूहळू, तोवर वरचं द्या. वरचं पाजायची वेळ झाली की लेक भिंतीकडे तोंड करून रडते. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शेपूचा तर तिला आता वासही नको होतो. घरात येणारा प्रत्येक माणूस दारातच विचारतो, "दूध आहे ना अंगावर?" मला त्या माणसांना परत पाठवावंसं वाटतं.

आमच्या कॉलनीच्या मागे मोकळी जागा होती. तिथे कचरा टाकायला लागले म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला एकेक वाफा वाटून दिलाय. माझ्या नशिबाला नळापासून सगळ्यात लांबचा आला. परवा मेथी खुरपताना मधेच एक तण दिसलं, जमिनीला चिकटून पसरलेलं, पानांच्या कडा कातरलेल्या. उपटून बांधावर फेकणारच होते, तेवढ्यात पान तुटलं आणि बोटाला पांढरा चीक लागला. पाथरी निवडताना तुझ्या बोटांना असाच चीक लागायचा, ते आठवलं.

नगरातलं आमचं तेव्हाचं दोन खोल्यांचं घर. मी बाळंतीण आहे. दवाखाना जवळ हवा म्हणून मला माहेरी न नेता तूच पुणतांब्याहून येऊन राहिली आहेस. स्वयंपाकघरात फरशीवर पाय पसरून भाजी निवडते आहेस आणि मी कॉटवरून विचारते, कसली गं? "पाथरी. दूध येतं." मी नाक मुरडते, "ही तर गाईला घालतात ना?" तू मानही वर करत नाहीस. "गाईला घालत्यात म्हनून तर तुला करतीय. खा गुमान." मी खाल्ली. पण त्या पानाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. शेतातही तू मला कधी खुरपं धरू दिलं नाहीस, पोरीनं शिकायचं म्हणून. शिकले खरी. आणि परवा वाफ्यात हातात पान घेऊन अडाण्यासारखी उभी होते.

शेजारच्या वाफ्यातले निवृत्त मास्तर म्हणाले, थांबा, मोबाईलला विचारू. वरून फोटो काढला तर एक नाव आलं, बाजूने काढला तर दुसरंच. मग म्हणाले नेट स्लो आहे. पलीकडच्या वाफ्यात पाथर्डीकडच्या एक बाई असतात, त्यांनी पान चुरगाळून वास घेतला. "पाथरीच दिसती. पर आमच्याकडं एवढं रुंद पान नसतं बया. बाळंतिनीला देनार आसशील तर आदी तू खाऊन बघ." त्या 'दिसती'वर माझा जीव अडकला.

आज सकाळी केली. लसूण, मूगडाळ, वर तूप, तू करायचीस तशी. दार लोटून घेतलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाल्ली. पण ती कडू लागेना. तुझ्या हातची कडवट होती, मला पक्कं आठवतं. की तेव्हा माझ्याच तोंडाला चव नव्हती? मग बसले पोटाकडे लक्ष देऊन. जरा गुडगुडलं की घाम फुटायचा. तसं बसल्यावर मला एक गोष्ट उमगली. तू भाजी सकाळी करायचीस आणि मला संध्याकाळी वाढायचीस. आधी स्वतः जेवायचीस. मला वाटायचं बाळंतिणीची रीत असेल तशी. आई, ती भाजी तू आमच्या घरामागच्या पडीक जागेतून आणली होतीस ना? आपल्या शेतातली नव्हती ती. म्हणजे दिवसभर तूही अशीच बसून होतीस आणि मला बोलली नाहीस.

मनाचं समाधान होईना म्हणून झाड पुन्हा बघायला वाफ्यावर गेले. परत येते तो लेक ओट्यापाशी कढई पुसून खात होती. "आई, कसली गं? किती दिवसांनी चांगलं काहीतरी केलंस." मी कढई हिसकून घेतली, पण तिच्यात काही उरलंच नव्हतं. आणि आधी वाढून घेतलेलं खाऊन बाळाला पाजूनही झालं होतं.

त्यानंतर बाळ झोपलं. कधी नव्हे ते गाढ झोपलं. पोट भरून झोपलंय की काय झालंय, मला कळेना. नाकाशी बोट धरलं. तळपायाला गुदगुल्या केल्या. गाल ओढला. लेक चिडली, "आई, जन्मल्यापासून पहिल्यांदा धड झोपलंय, झोपू दे की! काय चाललंय तुझं?" मी म्हटलं, काही नाही, डास होता. डास भरदुपारी. लेकीच्या तोंडाकडे बघत होते, ओठ काळे पडतात का, डोळे जड होतात का. ती निवांत मोबाईल बघत होती. मला देव आठवले, ज्यांची नावं कधी घेत नाही तेसुद्धा.

शेवटी उन्हं उतरल्यावर बाळाने असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. दुपटं चिंब ओलं. इतके दिवस त्या रडण्याने माझं काळीज चिरत होतं, आज मी ते हसत हसत ऐकलं. लेकीने पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "आई, मला आज जरा भरल्यासारखं वाटतंय. उद्या परत कर ना ती भाजी." भाजीमुळे, की झोपेमुळे, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं हळूहळू, मला सांगता येणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. दुपारी कढई माझ्या हातात असताना तिने दुसऱ्यांदा विचारलं होतं, "खायची असते ना ही? तुला नक्की माहीत आहे?" मी म्हटलं, "पाथरी आहे. तुझी आजी मला करून घालायची." तिला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं, आई. मला अजूनही नक्की माहीत नाही.