पिन लावलेला धडा

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मंगेशला अग्नी देऊन महिना झाला, आणि आज त्याची बॅग आली. आखातात त्याच्यासोबत कामाला असलेला मौद्याचा गजानन घेऊन आला. कपड्यांखाली अरबी शिकायचं पुस्तक. सदरच्या पुस्तकांच्या दुकानातून मीच आणलेलं.

तो जायच्या आधी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी मराठी वाक्य वाचायचो, तो अरबीत सांगायचा. मी अरबी वाचून पाहिलं की हसायचा. "बाबा, तुम्ही तं शेखच झाले गा!"

दवाखान्याचा धडा आला तेव्हा मी ती पानं पिन मारून बंद केली. पोरगं परदेशी निघालेलं, दिव्यासमोर दुखण्याचं काय बोलायचं?

"अन् खरंच आजारी पडलो तं?"

"देव आहे नं," मी म्हणालो.

गजानन मान खाली घालून सांगत होता, "काका, तिथल्या डॉक्टरले अरबीच येत होती. मंगेश छातीवर हात ठेवून नुसता उभा. मले तं त्याच्याहून कमी येते. गॅसची गोळी देऊन वापस पाठवलं."

बाजाराच्या, बसच्या धड्यांत त्याच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. ती पिन मात्र जागेवरच, गंजलेली. तिथं आखातात कोण पाहत होतं? काढायची होती रे पोरा.

आज दिवा लावून मीच काढली. पहिलंच वाक्य, 'मला इथे दुखतं.' खाली देवनागरीत अरबी. दिव्यासमोर तीनदा मोठ्यानं वाचलं. उच्चार चुकलेच असतील. कोणी हसलं नाही.