पावलापुढे कोण निजले आहे

ज्याच्या आधाराने चराचर उभे आहे, त्या दयाळूला आधी नमस्कार. मग माझ्या पावलांची हकिगत.

मार्गशीर्ष शु. २, शनिवार
दोनदा पडलो, दोन्ही वेळा सपाट फरशीवर. लातूरहून चिरंजीवांनी फोनवर बजावले, "बाबा, आता पडलात तर नांदेडचं घर बंद. इकडं यायचं." येथील देव मी बसविलेले, त्यांना हलविणे नाही. म्हणून आजपासून दवाखान्यात चालण्याची शिकवणी. मी चालत्या पट्ट्यावर, बुटाला खूण चिकटविलेली, समोर पडदा. पाऊल किती उचलले ते पडद्यावर रेषा होऊन उमटते. ती हिरव्या पट्टीच्या वर राहिली पाहिजे. माझी खालीच लोळत होती. शिकविणारी मुलगी चाकूरची, जिभेची तिखट : "आजोबा, फरशी पुसायला बाई हाय आमच्याकडं. तुम्ही कशाला पायानं पुसून राहिलात?"

शु. ५, मंगळवार
रेषा वर आली. डोळे मिटले तरी दिसते. मुलगी म्हणाली, "घरी पडदा नसंल. समोर काहीतरी आडवं पडलंय असं समजून पाय उचलायचा."
तसे समजू लागलो.

शु. ९, शनिवार
माजघरात, देवघराच्या अलीकडे, आज दोन्ही पावले आपोआप फार उंच उचलली गेली. समोर काही आडवे आहे असे मी समजलो नव्हतो. परतताना पुन्हा तेथेच. धाकटी बहीण कमल भाजी निवडत होती. "दादा, काय ओलांडून राहिलात? तिथं तर काहीच न्हाई."

शु. ११, सोमवार
एकादशी. शिकविणाऱ्या मुलीला सांगितले. ती हसली : "पायाला सवय लागली, चांगलंच हाय की." मी म्हटले, वळसा घालून जाईन. हसू लगेच मावळले. "वळसा न्हाई, आजोबा. वळतानाच माणूस पडतो. सरळ जायचं."
तिच्या पट्ट्यावर मात्र पाऊल बेताचेच उचलले गेले.

शु. १५, शुक्रवार
काठी टेकीत, पाऊल कोठे कोठे उचलते ते पाहत जागा तपासली. लांबी-रुंदी दोन्ही निजलेल्या माणसाएवढी. एक टोक दक्षिणेस. कमलला विचारले, येथे कधी कोणाला...
ती म्हणाली, "घर तुम्हीच बांधलं ना दादा? इथं कोण मेलंय?"
कोणीच नाही.
निजलेल्यास ओलांडू नये. पुराणातला तो महाबली राजपुत्रही वाटेत आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या वानराला ओलांडून गेला नाही. देहादेहांत तोच नांदतो म्हणून थांबला. आणि मी रोज स्नान करून, हाती फुले घेऊन, कोणाला ओलांडीत आहे? ओलांडावे तर पातक. वळसा घ्यावा तर पडेन, आणि देव सुटतील.

वद्य १, शनिवार
कमल नैवेद्याचे ताट घेऊन आली. त्या जागी तिने लुगडे किंचित वर धरले, पाऊल उचलून पलीकडे टाकले. तिला कोणी शिकविले नाही.
"पाय का उचललास?"
"कुठं? मी तर सरळच आले."


वद्य ४, मंगळवार
सकाळी अलीकडेच उभा राहिलो. पलीकडे देव, समई विझलेली. हात जोडून म्हटले, "आपण जे कोणी असाल, वाट द्यावी."
थोडा वेळ थांबलो. पाऊल टाकले. साधे पडले. फरशी, केवळ फरशी. पूजा मनासारखी झाली. डोळे भरून आले.
दुपारी विसाव्यासाठी खोलीत गेलो. पलंगापाशी दोन्ही पावले उंच उचलली गेली.
तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत आहे. कमलला हाक मारली नाही; ती येताना पुन्हा तसेच पाऊल उचलील, ते पाहवणार नाही. लातूरचा फोन वाजतो आहे. 'येतो' म्हणावे तर देव येथे. आणि तेथेही पलंग असणारच...
हे ज्याच्या हाती पडेल, त्याची वाट मोकळी असो, त्याचे पाऊल सुखरूप टेको, आणि जो कोणी कोठे आडवा निजला असेल त्यालाही शांत झोप लागो.