लिफ्टमधील मंदी

आदरणीय मेहुणेबुवा यांस,

नमस्कार. आपला गुडघा आता जिना मानू लागला असेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे. अब्रूबद्दल तसे म्हणवत नाही.

"भाऊजी, तुम्ही रडलात असं कळलं. महिनाअखेर सगळे शेअर विकून मोकळा होतो," हा आपला निरोप मिळाला. कृपया विकू नयेत. मी रडलो हे खरे (आणि तेही लिफ्टमध्ये). परंतु शेजारचे चष्मेवाले आत शिरले आणि "सर, काय झालं हो?" असे त्यांनी विचारताच, अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला शोभेल असे काही बोलावे म्हणून मी म्हणालो, "जागतिक अर्थव्यवस्था." बाजार नेमका त्याच दिवशी कोसळला होता. मग रुमाल नाकाशी धरून मला सांगणे भागच पडले, की परदेशात व्याजदर वाढले की तिकडचे गुंतवणूकदार इथला पैसा काढून घेतात. तिकडची मागणी घटली की आपल्या कारखान्यांचा माल पडून राहतो, नफा आटतो आणि शेअर गडगडतात. (विवेचन निर्दोष होते. हुंदके तेवढे भलत्या ठिकाणी येत होते.)

संध्याकाळी चष्मेवाल्यांच्या पत्नी जिन्यात सांगत होत्या, "अहो, बायको गेली तेव्हा टिपूस नाही काढलं त्यांनी! ते रडतायत म्हणजे जगाचं काही खरं नाही." दुसऱ्या दिवशी निम्म्या इमारतीने शेअर विकले. त्यानंतर बाजार सावरला, जगाचेही बरे चालले आहे. मंदी उरली ती आमच्या जिन्यात. एवढे होऊनही लोक मलाच धीर देतात, याची अधिक लाज वाटते.

खरी गोष्ट अशी, की मी दुकानातून टूथब्रश घेऊन येत होतो. लिफ्टमध्ये पिशवीत पाहिले, तर दोन निघाले. एक निळा, एक गुलाबी. सवयीने घेतले गेले. (आपल्या भगिनींना जाऊन अजून वर्ष व्हायचे आहे.) एवढ्याशा वस्तूपायी रडलो हे सांगण्यापेक्षा साऱ्या जगाला मंदीत ढकलणे मला सोपे वाटले. अंत्यविधीच्या वेळी आपण माझ्या कोरड्या डोळ्यांकडे पाहत होतात, तेही मी विसरलेलो नाही.

आपला,
भाऊजी

ता. क. – हे फोनवर सांगता आले असते. परंतु आवाजाची हमी देता येत नाही.

पुन्हा ता. क. – चार दिवस राहायला यावे. लिफ्ट चालू आहे. टूथब्रश आणू नये. आपल्यासाठी निळा ठेवला आहे. गुलाबी मी वापरतो.