मोकळी सोडलेली पिन

११ जानेवारी

वाजली! पहिल्याच दाबाला! आतल्या खोलीत आई, स्वयंपाकघरात मी – आणि बेल खणखणीत.

झटका आल्यापासून आईंची, म्हणजे सासूबाईंची, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हाक मारायची तर डाव्या हाताने वाटीवर चमचा आपटायच्या. परवा कुकरच्या शिट्ट्यांत मला ऐकूच आलं नाही. कितीतरी वेळ आपटत असणार. मी गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी. त्याच दिवशी ठरवलं.

इवलीशी डबी. एक बटण, नाण्याएवढी बॅटरी, एक चिप. दाबलं की वायरशिवाय इकडची बेल वाजते. शहाद्याला पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, घरात काही उपयोग नको?

आईंनी दिवसभर वाजवली. निम्म्या वेळा नुसती गंमत! हसताना ओठाचा एकच कोपरा वर जातो. कळसाडीतली सगळ्यात खट्याळ बाई आमच्या पलंगावर पडून आहे.

१३ जानेवारी

बेल आपोआप वाजतेय. मिक्सर लावला – वाजली. गोधडी झटकली – वाजली. मी कॉलेजात होते तेव्हा तर कहरच. बाबा – माझे सासरे – अंगाला साबण, कमरेला टॉवेल अशा थाटात न्हाणीतून धावत आले. बघतात तर आई गाढ झोपलेल्या!

संध्याकाळी मला म्हणाले, "रूपाली, तुन्ही बेलले भूत लागनं का?"

ललित हसून हसून लोळला. असा नवरा!

१४ जानेवारी

भूत सापडलं. तीळ भाजता भाजता.

बटण दाबलं की चिपची पिन ग्राउंडला, म्हणजे खाली शून्याला, जोडली जाते. आणि सोडलं की? कशालाच नाही! धड वर नाही, धड खाली नाही. अशी अधांतरी पिन मिक्सरचा, गोधडीचा, कशाचाही गोंगाट पकडते आणि चिपला वाटतं, दाबलं कुणीतरी. वर्गात घसा फोडून सांगते – पिन मोकळी सोडू नका रे! आणि घरी हे.

पिन आणि बॅटरीच्या धन टोकाच्या मध्ये एक रेझिस्टर टाकला. आता बटण सुटलं की पिन मुकाट्याने वर राहते. मिक्सर लावून पाहिला, गोधड्या झटकल्या. गप्प! बाबांची अंघोळ निवांत झाली.

२० जानेवारी

बॅटरी संपली. इतक्यात? वर्षभर चालायला हवी होती.

दुपारी आईंनी दाबलं असणार, कुणी आलं नाही. मी आले तर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. जेवल्याही नाहीत. मुकी बेल भुताच्या बेलपेक्षा वाईट.

२१ जानेवारी

मीटर लावून बसले. चिप झोपलेली असतानाही करंट खातेय! मग दिसलं. बटणाच्या पिनेची काळजी घेतली, पण न वापरलेल्या पिना तशाच लोंबकळत होत्या. पिन अधांतरी राहिली की तिच्या आतली वरची-खालची दोन्ही दारं अर्धवट उघडी राहतात आणि करंट सरळ आरपार निघून जातो. फुकटचा!

साऱ्यांना ग्राउंडला बांधून टाकलं. आकडा झपकन खाली आला. मी टाळी वाजवली. डबी परत हातात दिली, तर आईंनी पलंगावरूनच बेल वाजवली. शाबासकी!

२५ जानेवारी

तरी बॅटरी उतरतेच आहे. हरले.

दुपारी सहज आईंजवळ बसले होते. त्यांचा डोळा लागला होता आणि डावा हात डबीवर. बोटं बटणावर, घट्ट. झोपेतसुद्धा! म्हणजे बटण तासन् तास दाबलेलं, आणि तेवढा वेळ माझ्याच रेझिस्टरमधून करंट गळतोय.

ललितला सांगितलं. म्हणाला, "मंग मायले सांग ना, हात काढी ठेव."

नाही सांगणार. वाटीच्या दिवसांत किती भ्यायल्या असतील, तेव्हा कुठे ही सवय लागलीय. बदलायचंच तर डबीने बदलावं.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून थेट टेबलावर. बाहेरचा रेझिस्टर उपटून टाकला. चिपच्या पोटात एक आहेच, हवा तेव्हा लावता येतो, नको तेव्हा काढता येतो. आता असं – बटण दाबलं गेलं की चिप बेल वाजवणार, लगेच रेझिस्टर काढून घेणार आणि पिन स्वतःच खाली धरून ठेवणार. पिन मोकळी नाही, करंटही गळत नाही! मधूनमधून क्षणभर रेझिस्टर लावून बघायचं – सोडलं का? सोडलं असेल तर पुन्हा पहिल्यासारखं.

आईंचा हात मुद्दाम बटणावर ठेवला. मीटरचा आकडा जागचा हलला नाही. मी खोलीत नाचले! बाबा दारातून म्हणाले, "आते हिलेबी भूत लागनं."

८ फेब्रुवारी

बॅटरी ठणठणीत. आई झोपेतही बटण सोडत नाहीत. नका सोडू!

२२ फेब्रुवारी

दवाखान्यातून लिहितेय.

दुपारी बेल. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. ललित ताटावरूनच ओरडला, "तुन्ही बेल परत येडी व्हई गयी!" मी म्हटलं, "डबी नाही. आई आहेत." आणि धावले. आईंना काहीच नको होतं. डोळे खिडकीबाहेर, बोट बटणावर. बाहेर खळ्यात बाबा आडवे पडलेले, हात छातीवर.

वेळेत आणलं, डॉक्टर म्हणाले. आत्ता डोळे उघडले बाबांनी. माझ्याकडे बघितलं. पहिलं विचारलं ते घरी राहिलेल्या आईंबद्दल –

"तिन्हापान कोन शे?"