खोकला जुनाच हाय

मार्गशीर्ष वद्य ३, शके १८६०

आमच्याही घरात उंदीर मरून पडला! धान्याच्या बळदाजवळ. गाठीच्या तापाची साथ आली म्हणून सगळं बोरी गाव आज माळावर निघालं. सासूबाई ओरडल्या, "आवर की लवकर!" काढ्याचा अडुळसा आणि ही वही तेवढी लुगड्यात बांधली.

वद्य ५

कडब्याची खोप. त्याची भुकटी नाकात जाते अन् छाती भरून येते. दमा लग्नाआधीपासूनचा, थंडीत दरवर्षी उचल खातो. पण असा नाही. आडवं झालं की श्वास कोंडतो. उठते, फिरते, बसते, परत उठते. हे वैतागले— "एका जागी बस की!" बसू कशी!

वद्य ६

विहिरीवर बाया मागं सरल्या. शेजारची केवळाबाई म्हणाली, "ही लय खोकायलीय. हिला तोच ताप हाय." मी घागर ठेवली, हात वर करून काख दाखवली. "बघा, कुठंय गाठ? खोकला जुनाच हाय माझा!" कुणी बघितलंच नाही.

वद्य ७

माणिकराव पाटील आले. यांना म्हणाले, "चंद्रभान, बायकोला ओढ्यापल्याड ठेव. लोक ऐकंनात." सासूबाईच बोलल्या, "न्या तिला. मला एकच लेक हाय."

वद्य ९

ओढ्यापल्याड मी एकटी. यांनी पळसाच्या फांद्यांची खोप घालून दिली. भाकरी दगडावर ठेवतात, लांबून विचारतात, "बरी हायेस?" मी नुसती मान हलवते. तोंड उघडलं तर रडूच येईल.

पण इथं कडबा नाही. आज पहिल्यांदा पोटभर श्वास आला. लाज वाटली— बरं वाटायलंय म्हणून!

वद्य ११

सकाळपासून पलीकडं रडारड. केवळाबाईची सून गेली. ताप आलेल्या दोघांना उचलून लांब पाण्याच्या टाकीपाशी नेऊन ठेवलं म्हणे. हे भाकर ठेवताना लांबून एवढंच सांगून गेले. मी दिवसभर काठावर येरझाऱ्या घातल्या. कुणाला हाक मारू?

वद्य १२

दुपारी सासूबाई ओढा उतरून आल्या. अनवाणी, एकट्या. अंग भाजत होतं. जांघेत सुपारीएवढी गाठ.

"लेकाला सांगू नको, नर्मदा. त्यो शिवंल मला."

हात धरून आत घेतलं. घोंगडं एकच होतं, ते त्यांच्यावर घातलं.